रोगाला न बळी पडणारा वाण पुढे बळी का पडतो?

सभासद बंधूंनो, "या वाणाला रोग येत नाही" असे ऐकले की आपण निर्धास्त होतो. पण वाण आहे तसाच राहतो, रोगाची बुरशी मात्र बदलत जाते. कसे, ते उत्तर प्रदेशातील उदाहरणावरून पाहू.

को ०२३८ हा वाण २००९ साली प्रसारित झाला. वजनाला चांगला, उताऱ्यालाही चांगला. २०२० च्या सुमारास तिथला पाचांतील चार हिश्शांहून अधिक ऊस याच वाणाचा होता. मग लाल कूज आली आणि फडच्या फड वाळले. शास्त्रज्ञांना बुरशीचा नवा प्रकार सापडला, त्याला सीएफ १३ म्हणतात.

हा आला कुठून? या बुरशीची आनुवंशिक लिपी सुमारे ४ कोटी ८० लाख अक्षरांची. बुरशी असंख्य बीजाणू तयार करते, तेव्हा लिपीची नक्कल होताना मधूनच एखादे अक्षर बदलते. बहुतेक बदल वाया जातात, एखादा मात्र वाणाच्या प्रतिकाराला चकवतो. ऊस आपण कांडीने लावतो, म्हणून एका वाणाची सारी बेटे सारखीच. एका बेटात शिरकाव झाला, की साऱ्या शिवाराची वाट मोकळी!

आपल्या राज्यातही को ८६०३२ या एकाच वाणाचे क्षेत्र मोठे आहे. म्हणून सगळे रान एका वाणाखाली ठेवू नये. बेणे बेणेमळ्यातलेच घ्यावे. शंका आल्यास ऊस उभा चिरून पाहावा. आत लाल, मधे पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास आढळला, तर बेट मुळासकट काढून जाळावे, खोडवा ठेवू नये आणि गटाच्या शेतकी ऑफिसात लगेच कळवावे.