आवाज न करणारा कॉम्प्युटर: लिक्विड कूलिंग बसवायचं कसं आणि त्यातून काम मिळवायचं कसं



आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्यापैकी बरेच जण घरूनच व्हिडिओ एडिटिंग, व्हॉइस ओव्हर, ऑनलाइन क्लास किंवा डिझाइनचं काम सुरू करताय. काही जण कॉम्प्युटर असेंब्लीच्या धंद्यात उतरताय. दोघांनाही हा धडा उपयोगी पडेल.

आधी माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत "घूं" असा आवाज यायचा. खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, तरी आवाज आहेच. आवाज कॉम्प्युटरचा होता. कुणीतरी म्हणालं, लिक्विड कूलर लाव, एकदम शांत होईल. मी उत्साहाने २४० मिलीमीटरचा कूलर आणला आणि दिसायला छान वाटतो म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला बसवला. घूं तसाच राहिला, वर हुक्क्यासारखी गुडगुड सुरू झाली. पैसे गेले, दोन दिवस गेले, आणि एका क्लायंटचं रेकॉर्डिंग उशिरा पोचलं. पुढचं काम त्याने दुसऱ्याला दिलं. दोष कूलरचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

हे काम करतं कसं?

प्रोसेसरवर एक तांब्याची प्लेट बसते. बहुतेक कूलरमध्ये तिच्यावरच छोटा पंप असतो. पंप द्रव फिरवतो, द्रव उष्णता घेऊन नळीतून रेडिएटरकडे जातो, तिथे पंखे ती बाहेर टाकतात. म्हणजे गाडीच्या रेडिएटरसारखंच. कंपनीतून भरून, सील करून येणाऱ्या या सेटला ऑल-इन-वन म्हणतात. सुरुवात यानेच करा. स्वतः नळ्या कापून, टाकी लावून केलेलं कस्टम काम नंतर शिका.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात नागपूर, जळगावकडे खोलीच ४० अंशांवर असेल, तर द्रव त्याहून गरमच राहणार. दुसरी, यातही पंखे असतातच. शांतता मिळते ती पंखे हळू फिरवता येतात म्हणून.

हळू फिरवण्याचा फायदा किती? पंख्याचा वेग निम्मा केला, म्हणजे १,६०० आरपीएमवरून ८०० वर आणला, तर आवाज साधारण १५ डेसिबलने कमी होतो. हवा मात्र निम्मीच कमी होते. म्हणून मोठा रेडिएटर आणि हळू पंखे ही जोडी शांत चालते. २४० मध्ये १२० मिलीमीटरचे दोन पंखे येतात, २८० मध्ये १४० चे दोन, ३६० मध्ये १२० चे तीन.

घेण्याआधी: खरंच गरज आहे का?

हा प्रश्न ग्राहकाला विचाराच. ६५ वॉटचा प्रोसेसर असेल आणि काम बिलिंग, टॅली, वर्ड, एक्सेलचं असेल, तर चांगला एअर कूलर पुरतो. तो स्वस्त, त्यात पंप नाही, गळतीची भीती नाही. जास्त कोअरचा प्रोसेसर तासन्‌तास रेंडरिंग करत असेल आणि शेजारीच माईक असेल, तिथे लिक्विड कूलर शोभतो.

आणि आधी आवाज कुठून येतोय ते शोधा. कॅबिनेट उघडा आणि एकेक पंखा काही सेकंद थांबवून ऐका. बोट पात्यात घालायचं नाही, मधल्या गोल भागावर हलकं दाबायचं. पॉवर सप्लायच्या पंख्याला मात्र हात लावू नका. कधी आवाज ग्राफिक कार्डचा निघतो, कधी जुन्या हार्डडिस्कचा. तिथे प्रोसेसरचा कूलर बदलून काही उपयोग नाही. मी हे पाच मिनिटांचं काम केलंच नव्हतं!

बसवायची पद्धत

१. माप घ्या. साधा रेडिएटर सुमारे २७ मिलीमीटर जाड, वर २५ चा पंखा. म्हणजे ५२ मिलीमीटर जागा हवी. छताला बसवताना रॅम आडवी येत नाही ना, ते बघा. तुमच्या सॉकेटची क्लिप बॉक्समध्ये आहे का, तेही दुकानातच तपासा.

२. जुना कूलर जपून काढा. एएम-४ सॉकेटच्या रायझनमध्ये पेस्ट सुकलेली असली तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा, आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

३. रेडिएटर वर, पंप खाली. सीलबंद कूलरमध्येही थोडी हवा असते आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची हवी, पंपाची नाही. छताला बसवणं उत्तम. पुढे बसवला तर रेडिएटरची वरची कड पंपापेक्षा उंच हवी, आणि नळ्या खालच्या बाजूने निघाल्या तर आणखी चांगलं. तळाला कधीच नको. माझी गुडगुड तिथूनच आली होती.

४. पेस्ट आणि प्लेट. प्लेटवरचं प्लॅस्टिक काढा. हसू नका, हे विसरणारे खूप आहेत. पेस्ट आधीच लावलेली नसेल तर मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते. स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो.

५. वायर. रेडिएटरचे पंखे मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅनच्या पिनेवर, पंप एआयओ पंपच्या पिनेवर. सीपीयू फॅनची पिन रिकामी ठेवली तर बरेच बोर्ड सुरू होताना एरर दाखवतात. तुमच्या कूलरच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल, तर पुस्तिकेचं ऐका.

खरी शांतता बायोसमध्ये

बरेच जण इथे पोचतच नाहीत. एखादी फाईल उघडली की प्रोसेसरचं तापमान क्षणात १५-२० अंश उडी मारतं. पंखे लगेच धावतात, परत थांबतात. वर-खाली होणारा हा आवाज एकसारख्या आवाजापेक्षा जास्त खुपतो. पण आतला द्रव एवढ्यात तापत नाही, म्हणून पंख्यांनी धावायची गरजच नसते.

तेव्हा बायोसच्या फॅन सेटिंगमध्ये ६० अंशांपर्यंत पंखे ४० टक्क्यांवर स्थिर ठेवा, ७५ ला ६० टक्के, ८५ च्या पुढे पूर्ण. फॅन वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते, ती चालू करा. पंपाचा वेग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे एकच ठेवा, वर-खाली नको. चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम मोड, तीन पिनांच्या पंख्याला डीसी मोड.

अजून एक फुकटचा उपाय. रायझनमध्ये इको मोड असतो, इंटेलच्या बोर्डवर पॉवर लिमिट कमी करता येते. थोडा वेग सोडला की उष्णता बरीच कमी होते. उष्णताच कमी, तर आवाज कुठला?

मग टेस्ट. सिनेबेंचसारखा लोड किमान अर्धा तास चालवा, कारण द्रव तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. पाच मिनिटांची टेस्ट दाखवून मशीन ग्राहकाला देऊ नका. सुरुवातीला थोडी गुडगुड आली तर कॅबिनेट हलकं तिरपं करा, हवा वर निघून जाते. शेवटी खोली बंद करून ३० सेकंद रेकॉर्डिंग करा आणि हेडफोनवर ऐका.

आता धंद्याचं बोलू

हे काम सर्विस म्हणून द्यायचं असेल तर हिशोब कागदावर मांडा. समजा कूलर ७,००० रुपयांना मिळाला. त्यात बसवायला २ तास, टेस्टला १ तास, आणि महिन्याभराने एक फेरी. या ४ तासांचे पैसे बिलात वेगळे दाखवा. "कूलरवर थोडं मार्जिन मिळालं" एवढ्यावर खूश राहिलात, तर ती शेवटची फेरी फुकट जाते आणि मग तुम्ही ती टाळायला लागता. ग्राहक तिथेच तुटतो.

मशीन देताना एक पान लिहून द्या: खरेदीचं बिल, वॉरंटीची मुदत, टेस्टमधलं तापमान, आणि रेडिएटरची धूळ दर तीन महिन्यांनी साफ करायची सूचना. गळती क्वचित होते, पण झाली तर बाकीच्या पार्टचं नुकसान कंपनी देते का, ही अट तुम्ही आधी वाचा आणि ग्राहकाला खरं सांगा. पंप कायम टिकत नाही, द्रवही वर्षानुवर्षं नळीतून थोडा थोडा उडतो, हेही सांगा. खरं सांगितल्याने सौदा मोडत नाही. लपवलेलं नंतर कळलं, तर मात्र नाव जातं.

आणि कधी कधी तपासून झाल्यावर तुम्हाला सांगावं लागेल, "दादा, तुम्हाला कूलर नको, फक्त सेटिंग बदलून देतो." तेव्हा तपासणीचे पैसे घ्या आणि बिनधास्त तसं सांगा. तोच माणूस पुढच्या वेळी पूर्ण मशीन बनवायला तुमच्याकडे येण्याची शक्यता जास्त.

आजचा गृहपाठ: रात्री सगळं शांत झाल्यावर स्वतःच्या कॉम्प्युटरशेजारी मोबाईल ठेवून ३० सेकंद रेकॉर्डिंग करा. एकदा मशीन नुसतं चालू असताना, एकदा पूर्ण लोडवर. आवाज नक्की कुठून येतोय ते वहीत लिहा. एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करा.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत शिकत राहा, कामाला लागा!