घडलेला गुन्हा आणि टाळावयाचा गुन्हा : डिक वुल्फ यांच्या ‘द इंटरसेप्ट’चा रूपबंध

मराठी समीक्षेत ‘रहस्यकथा’ ही संज्ञा बरीच सैलपणे वापरली जाते. गुन्हेगार कोण, याचा शोध घेणारी कथा आणि येऊ घातलेले संकट टळेल काय, या प्रश्नावर वाचकाला टांगून ठेवणारी कथा, या दोहोंना आपण हेच नाव देतो. हा भेद केवळ तंत्राचा नसून मूल्यदृष्टीचाही आहे, हे डिक वुल्फ यांच्या ‘द इंटरसेप्ट’ (२०१२) या अमेरिकन कादंबरीच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये केलेले गुन्हेकथांचे वर्गीकरण येथे उपयुक्त ठरते. शोधकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली संपल्यावर दुसरी सुरू होते. तिचा प्रवास कार्याकडून कारणाकडे होतो आणि वाचकाला कुतूहल ओढून नेते. थरारकथेत घटना व कथन बरोबरीने चालतात. कारणे समोर असतात, परिणाम अद्याप घडावयाचा असतो. येथील प्रेरक भाव उत्कंठा हा होय.

वुल्फ यांची ख्याती आहे ती दूरचित्रवाणीवरील ‘लॉ अँड ऑर्डर’ या मालिकेचे निर्माते म्हणून. १९९० ते २०१० अशी वीस पर्वे चाललेली व २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेली ही मालिका दुभंगी रचनेवर उभी आहे. पूर्वार्धात पोलीस तपास करतात. उत्तरार्धात सरकारी वकील तो तपास न्यायालयापुढे मांडतात. पुष्कळदा पूर्वार्धातील खात्री उत्तरार्धात डळमळते. कबुलीजबाब अग्राह्य ठरतो, पुरावा वगळला जातो, क्वचित आरोपी सुटतोही. संशयाची परीक्षा ही या रूपबंधातच अनुस्यूत आहे.

‘द इंटरसेप्ट’मध्ये हा उत्तरार्ध उरत नाही. अटलांटिकवरील एका विमानात दहशतवादी कृत्याचा प्रयत्न होतो व तो हाणून पाडला जातो. चार जुलैचा राष्ट्रीय उत्सव आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचे समर्पण काही दिवसांवर आलेले असते. न्यूयॉर्क पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागातील जेरेमी फिस्क याला मात्र ही घटना मोठ्या कटाची नांदी वाटते. त्याच विमानातील एक सौदी प्रवासी मॅनहॅटनच्या गर्दीत नाहीसा होतो. उत्सवापूर्वी त्याला गाठणे हे फिस्क व त्याची सहकारी क्रिना गर्स्टन यांचे कार्य ठरते.

एकट्या माथेफिरूचे कृत्य हे सोपे उत्तर फिस्क नाकारतो. या अर्थाने तो शोधकथेतील चिकित्सक नायकाचा वारस आहे. परंतु गुन्हा अद्याप घडलेलाच नसल्याने न्यायालयाला येथे जागा नाही. संशय खरा की खोटा, हे ठरविणारी यंत्रणा एकच उरते, ती म्हणजे कथानक. दिनांक जवळ येतो तसतशी सावधगिरी म्हणजे दिरंगाई असे वाचकाला वाटू लागते. पुरावा मागण्याची त्याची सवय उत्कंठेच्या ओघात सुटते. काळाची मर्यादा हे येथे निव्वळ तंत्र राहत नाही. ती युक्तिवादाची जागा घेते.

कादंबरीबाहेरचे वास्तव लक्षात घेतल्यास या युक्तिवादाचे वजन कळते. याच गुप्तवार्ता विभागाने मुस्लिम वस्त्या, मशिदी व उपाहारगृहे यांवर पाळत ठेवल्याचे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०११ मध्ये उघडकीस आणले. त्या वृत्तमालेस २०१२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. लोकवस्त्यांची माहिती जमविणाऱ्या पथकाच्या अहवालांतून आपल्या कार्यकाळात एकाही तपासाला धागा मिळाला नाही, अशी साक्ष विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१२ मध्ये दिली. २०१४ मध्ये ते पथक विसर्जित झाले. फोल ठरलेल्या पाळतीची ही कंटाळवाणी वर्षे थरारकथेत मावत नाहीत, कारण निष्फळ संशयाला तिच्या रचनेत स्थानच नसते.

यावरून वुल्फ यांची कादंबरी त्याज्य ठरते, असे नव्हे. वेग, नेमकी दृश्यरचना आणि शहराच्या यंत्रणेची जाण हे तिचे गुण मान्य करावयास हवेत. मुद्दा वाङ्मयप्रकाराच्या आकलनाचा आहे. एकाच निर्मात्याच्या दोन कृतींत कायद्याविषयीची भूमिका बदललेली दिसते, ती प्रामुख्याने रूपबंध बदलल्यामुळे. म्हणून थरारकथेच्या अभ्यासकाने ‘पुढे काय होणार?’ या प्रश्नापाशी न थांबता, ‘येथे संशयाची परीक्षा कोण घेतो?’ हा प्रश्नही विचारणे अगत्याचे आहे.