समूहगायनाची परिभाषा : काही संज्ञांचा अर्थविचार

१९५८ साली रुमा गुहठाकुरता यांनी कलकत्ता यूथ कॉयरची स्थापना केली. पुढे दक्षिणेत एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रास यूथ कॉयर उभे केले. अशा वृंदांमुळे अनेक भारतीय भाषांतील गीते एकाच मंचावरून गाइली जाऊ लागली. वृंदातील गायकाला मात्र गीताच्या भाषेखेरीज आणखी एक भाषा शिकावी लागते, ती म्हणजे तालमीची. या भाषेत इटालियन संज्ञा असतात, संस्कृत शास्त्रग्रंथांतील शब्द असतात आणि मातृभाषेतील रोजचे वाक्प्रयोगही असतात. गायक बहुधा या संज्ञांचे अर्थ यादीवरून पाठ करतो. परंतु वृंदातील संज्ञेचा अर्थ यादीत पुरता सापडत नाही, कारण ती एका आवाजाचे दुसऱ्या आवाजाशी असलेले नाते सांगत असते.

याचे पहिले उदाहरण आवाजांच्या नावांतच मिळते. ‘आल्टो’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘उंच’. पण वृंदात हे नाव स्त्रियांच्या खालच्या आवाजाला आहे. नवख्या गायिकेला ही विसंगती वाटते. तिचे मूळ मध्ययुगीन युरोपच्या बहुस्वरी रचनेत आहे. त्या रचनेत मूळ धर्मगीताची चाल दीर्घ स्वरांत धरून ठेवणारा आवाज तो ‘टेनर’. ‘धरणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हे नाव आले. पंधराव्या शतकात त्याच्या सोबतीच्या आवाजाचे दोन भाग झाले. टेनरच्या वरचा तो ‘आल्टुस’, खालचा तो ‘बासुस’. म्हणजे आल्टो ‘उंच’ आहे तो टेनरच्या अपेक्षेने. ही नावे मुळात परस्परसापेक्ष स्थाने आहेत, हे ध्यानी आले की विसंगती उरत नाही. शिवाय आपण कोणाच्या आधाराने उभे आहोत याचेही भान गायिकेला येते.

दुसरी अडचण भाषांतराची. ‘पियानो’ या खुणेचा अर्थ सांगताना मराठी शिक्षक सहज ‘हळू’ म्हणून जातो. मराठीत ‘हळू बोल’ आणि ‘हळू चाल’ हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. एकात आवाजाची मात्रा आहे, दुसऱ्यात गती. परिणामी ‘हळू’ म्हणताच अर्धा वृंद आवाज कमी करतो आणि उरलेला लय ओढतो. विशेष म्हणजे इटालियन बोलीतही ‘पियानो’ला हे दोन्ही अर्थ आहेत, संगीताने त्यांतील एकच उचलून निश्चित केला. मराठी तालमीतही तशीच निवड करावी लागेल. मात्रेसाठी ‘मृदू’, गतीसाठी ‘संथ’ किंवा ‘विलंबित’ असे शब्द वेगळे ठेवले, तर गोंधळ टळतो. हाच न्याय ‘चढवणे’ या क्रियापदाला लागू आहे. ‘आवाज चढवा’ म्हणजे मोठ्याने गा. पण ‘चढा सूर’ म्हणजे उंच सूर. सूचना मोठ्याने गाण्याची असते आणि वृंद सुराबाहेर वर सरकतो, तेव्हा दोष कानाइतकाच शब्दाचाही असतो.

उलट काही संज्ञांत भाषांतराने अर्थ सुटतो. ‘अलेग्रो’ म्हणजे मुळात ‘आनंदी’. तो शब्द निव्वळ गतिवाचक होत गेला, याविषयी बीथोव्हेनने १८१७ साली नाराजी व्यक्त केली आणि त्याच वर्षी आपल्या सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. ‘द्रुत’ हा प्रतिशब्द गती देतो, पण तो भाव देत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न ‘हार्मनी’चा आहे. तिला ‘संवाद’ म्हणण्याची प्रथा आकर्षक असली तरी निर्दोष नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वर परस्परांचे संवादी मानले आहेत. हे स्वरांचे आप्तत्व आहे; ते एकाच क्षणी उच्चारले जावेत अशी अट तेथे नाही. ‘स्वरमेळ’ म्हणावे, तर कर्नाटक पद्धतीत ‘मेळ’ हा शब्द स्वरसप्तकाच्या रचनेसाठी रूढ आहे, आणि बहुभाषिक वृंदात ही अडचण कल्पनेतली नव्हे. अशा ठिकाणी ‘हार्मनी’ हाच शब्द ठेवून तिचा संवादाशी असलेला फरक समजावणे अधिक प्रामाणिक ठरते.

मग भारतीय परंपरेत वृंदाची स्वतःची परिभाषाच नव्हती काय? होती, आणि ती मराठी मुलुखातच ग्रथित झाली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’च्या प्रकीर्णक अध्यायात वृंदाचा विचार केला आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार वंशीवादक आणि चार मृदंगवादक असावेत. याहून मोठ्या वृंदाला त्याने ‘कोलाहल’ असे नाव दिले. त्यानंतर तो वृंदाचे सहा गुण सांगतो : मुख्य गायकाचे अनुसरण, आवाजांचे मिलन, तालाशी एकरूप होऊन चालणे, एकमेकांचे तुटलेले सावरून घेणे, मंद्र, मध्य आणि तार या तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ती, आणि ध्वनीचे सादृश्य. येथे पाश्चात्त्य अर्थाचे बहुस्वरी गायन अभिप्रेत नाही, हे खरे. तरीही चौथा गुण, ज्याला ग्रंथात ‘मिथस्त्रुटितनिर्वाह’ म्हटले आहे, आजच्या कोणत्याही वृंदाला परका वाटणार नाही. दीर्घ स्वर धरला असताना शेजारच्या दोघींनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नसतो. एकीचा श्वास दुसरीने झाकायचा असतो. तालमीत यालाच आळीपाळीने श्वास घेणे म्हणतात.

मराठी लोकव्यवहारात या सहांपैकी किती गुण शिल्लक राहिले, हे भाषेवरूनच पाहता येते. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात. शाहिराची ओळ संपते तेथे ते सूर उचलतात आणि त्याला दम घेण्यास अवसर देतात. हा चौथा गुणच होय. परंतु साथीदाराच्या याच कामावरून रूढ झालेला ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार आज फक्त निंदेसाठी वापरला जातो : स्वतःचा विचार न करता दुसऱ्याच्या म्हणण्याला मान डोलावणे. ‘सुरात सूर मिसळणे’ याचीही गत फारशी वेगळी नाही. शार्ङ्गदेवाचा पहिला गुण, अनुसरण, तेवढा भाषेने लक्षात ठेवला आणि उरलेल्या पाचांपासून तोडल्यामुळे तो लाचारीचा वाचक झाला. ज्या भाषेत साथ करणे हे कमीपणाचे लक्षण ठरते, त्या भाषेतील गायक वृंदात उभा राहूनही मनाने एकटाच गातो. पाठ केलेल्या इटालियन संज्ञा त्याला याबाबतीत साहाय्य करू शकत नाहीत.

याच भाषेत दुसरी साक्षही आहे. तुकारामांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे की, आरंभी ते कीर्तनात पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरीत असत. त्या कामाचा त्यांना संकोच नाही. चित्तशुद्धीच्या साधनेतच ते त्याची गणना करतात. ‘धृपद धरणे’ आणि ‘टेनर’ या दोन दूरच्या परंपरांतील शब्दांत ‘धरणे’ ही एकच क्रिया आहे, आणि दोन्हीकडे ती आधार देणाऱ्याची क्रिया आहे. समूहगायनाची परिभाषा शिकवताना प्रत्येक संज्ञेपाशी एकच प्रश्न विचारावा : या क्षणी कोण कोणाला धरून आहे? त्याचे उत्तर गायकाला देता आले, की संज्ञा कोणत्या भाषेतली आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.