पेच कापला की किती थरथरावं?

अगं, तुझा पतंगाचा गेम खेळून बघितला. मांज्याचा ताण झकास जमलाय. उत्तरायणाला सुरतेच्या गच्चीवर बोटं कापून घेतलेलीलाच तो असा जमतो. पण पेच कापल्यावर फोन घुर्रर्र करत राहतो, ते मात्र नको. तिथे बारीक झटका हवा, पुढचं 'लपेट' ओरडायला लोक आहेतच. युनिटीच्या हँडहेल्ड.व्हायब्रेटकडून हे होणार नाही, कारण किती वेळ थरथरायचं हे त्याला सांगायची सोयच नाही. सगळीकडे चालेल तेवढंच इंजिन देतं. त्यापुढचं फोनकडूनच मागावं लागतं.

त्यासाठी प्लगइन विकत घेऊ नकोस. दहा-बारा ओळींचं काम आहे. सी शार्पमधूनच अँड्रॉइडजावाक्लास वापरून युनिटीप्लेयर गाठ, त्याच्याकडून करंटॲक्टिव्हिटी घे, तिच्याकडून व्हायब्रेटर, आणि त्याला मिलिसेकंद सांग. वीस-तीसपासून सुरू कर, हाताला पटेल तिथे थांब. व्हायब्रेशनइफेक्ट अँड्रॉइड ८ मध्ये, म्हणजे २०१७ साली आलं. म्हणून आधी एपीआय २६ किंवा पुढचा आहे का ते तपास. नसेल तर जुन्या पद्धतीनं हाक मार. घरातला सगळ्यांत जुना फोन मागून घे आणि त्यावरच चाचणी कर.

आता फसायची जागा. हँडहेल्ड.व्हायब्रेट कोडमध्ये असतं तोवर युनिटी व्हायब्रेटची परवानगी मॅनिफेस्टमध्ये आपणहून घालतं. तू ती ओळ काढलीस की परवानगीही जाते, आणि तुझा बरोबर लिहिलेला कोड सिक्युरिटी एक्सेप्शन देतो. तेव्हा परवानगी स्वतःच्या हातानं लिही. आणि संगणकावरच्या एडिटरमध्ये अँड्रॉइड नसतंच, म्हणून या ओळी युनिटी_अँड्रॉइडच्या अटीत ठेव, एडिटर वगळून.

उलट दिशेनं, म्हणजे जावाकडून गेमकडे काही कळवायचं तर युनिटीसेंडमेसेज आहे. ते वॉचमनकडे दिलेल्या चिठ्ठीसारखं: आत फक्त मजकूर, वर गेमऑब्जेक्टचं नाव. उद्या कुणी ते नाव बदललं की चिठ्ठी कुणालाच मिळत नाही, गेम मात्र निमूट चालू राहतो. लॉगकॅट उघडून बसायची सवय लाव. जावाच्या थ्रेडवरून थेट युनिटीच्या वस्तूंना हात लावायचा नाही, हेही आत्ताच पक्कं कर.

हे सगळं एकाच वर्गात कोंब. बाकीच्या गेमनं फक्त 'झटका' म्हणावं. आत जावा आहे की काय, त्याला कळूच नये.

आणि एक ऐक. ऑफिसात 'नेटिव्ह' शब्द निघाला की मुलींच्या हातून काम काढून कुणा जुन्या मुलाकडे जातं, हे मी पुष्कळ बघितलंय. तसं होऊ लागलं तर सरळ म्हण, "भाई, हे मी करते." जावा पुस्तकभर यायला लागत नाही, एवढं तर तुला येतंच.

आयफोनचं काम पुढच्या आठवड्यात. तिथे यूआयइम्पॅक्टफीडबॅकजनरेटर आहे, आयओएस १० पासूनचा, आणि झटका अँड्रॉइडपेक्षा सुबक येतो. ऑब्जेक्टिव्ह-सी++ची .एमएम फाइल लिहावी लागेल, एक्सटर्न सी आणि डीएलएलइम्पोर्ट दोन्ही लागतील. पण बिल्ड एक्सकोडशिवाय होत नाही, तेव्हा ऑफिसातला मॅक कधी मोकळा असतो ते आजच विचारून ठेव.