घरातून दिलेले मत गुप्त कसे राहते?

प्रश्न : ८७ वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या मतदाराचे मत मतदानाच्या दिवसाआधी घरी येऊन घेतले जाते. घरात अधिकारी असतात, चित्रीकरण चालू असते आणि पाकिटासोबत मतदाराच्या नावाचा कागदही जातो. मग मत कोणाला दिले हे कळत नाही कशावरून?

उत्तर : ही सोय ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आहे. मार्च २०२४पूर्वी वयाची अट ८० होती. घरी दिलेले हे मत कायद्याच्या दृष्टीने टपाली मतच असते. त्यासाठी नमुना १२ ड भरून द्यावा लागतो. तो मंजूर झाला की यादीत त्या नावापुढे तशी नोंद होते आणि त्या मतदाराला केंद्रावर मत देता येत नाही.

ठरलेल्या दिवशी पथक येते. उमेदवारांना त्याची आगाऊ कल्पना दिलेली असल्याने त्यांचे प्रतिनिधीही हजर राहू शकतात. चित्रीकरण प्रक्रियेचे होते. मतपत्रिकेवर खूण करतानाचे करता येत नाही.

गुप्ततेची खरी मदार दोन लिफाफ्यांवर आहे. खूण केलेली मतपत्रिका मतदार लहान लिफाफ्यात, म्हणजे १३ ब मध्ये घालून बंद करतो. त्याचे नाव आणि सही असलेले घोषणापत्र, १३ अ, या लिफाफ्याबाहेर राहते. मग दोन्ही मोठ्या लिफाफ्यात, १३ क मध्ये जातात.

मतमोजणीला आधी मोठा लिफाफा उघडून घोषणापत्र तपासतात. त्यात दोष असेल तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद होते. योग्य ठरलेली सर्व घोषणापत्रे वेगळ्या पाकिटात मोहोरबंद केल्यावरच लहान लिफाफ्यांना हात लावला जातो. हा क्रम फार मोलाचा आहे. मतपत्रिका उलगडते तेव्हा नावाचे कागद आधीच बंद झालेले असतात आणि टेबलावर उरतात ती फक्त मते. म्हणूनच मतपत्रिकेवर सही, नाव किंवा ओळख पटेल असे काहीही लिहिले असेल, तर ते मत बाद होते.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम १२८नुसार मतदान किंवा मोजणीच्या कामावरील व्यक्तीने गुप्तता मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती मतदारावर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही करता येत नाही. कलम ९४ तसे स्पष्ट सांगते.

घरात मात्र एक धोका उरतो, तो आपल्याच माणसांचा. शेजारी उभा असलेला मुलगा किंवा सून ‘इथे खूण करा’ म्हणाली, तर कोणताही लिफाफा उपयोगी पडत नाही. मतदाराला दिसत नसेल किंवा हात चालत नसेल, तर त्याने स्वतः निवडलेल्या एका सज्ञान व्यक्तीची मदत घेता येते. बाकीच्यांनी तेवढा वेळ खोलीबाहेर थांबावे.

नमुना १२ ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी तो घरी आणून देतात आणि भरून घेतात.