हिरवळीची खतावणी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खतावर लेख लिहावा, हे पाहून आमचे विज्ञान शाखेचे मित्र हसतील. पण खत टाकण्यापूर्वीही खतावणी करावी लागते, हे मला गेल्या जानेवारीत कळले आणि त्याची किंमत महाविद्यालयाच्या हिरवळीला मोजावी लागली.

स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आले होते. कार्यालयापुढची हिरवळ पिवळी पडली होती. ती हिरवी करण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. युरियाने हिरवा रंग येतो, एवढेच ऐकून होतो. सुमारे दहा किलो युरिया भर दुपारी मुठीमुठीने फेकून मोकळा झालो. संध्याकाळी माळीमामा आले. पांढरे दाणे पाहून म्हणाले, "तम्मा, गोब्बर हाकिदि, नीरु एल्लि?" खत टाकलेस, पण पाणी कुठे आहे? टाकीत पाणी नव्हते.

चौथ्या दिवशी जिथे जिथे मूठ पडली होती, तिथे तिथे गवत करपले. बोलणी मात्र माळीमामांना बसली. मी एक दिवस गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन खरे ते सांगितले. मामा काही बोलले नाहीत. त्या लाजेपोटीच मी या विषयाची पुस्तके उघडली. त्यातून जे समजले, ते येथे मांडतो.

खताच्या पोत्यावर १९:१९:१९ असे तीन आकडे असतात. ते अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे वजनाशी शेकडा प्रमाण होय. नत्राने पाने वाढतात व हिरवी होतात. स्फुरद मुळांना बळ देते. पालाशामुळे उन्हाचा ताण आणि रोग सोसण्याची ताकद येते. युरियात फक्त नत्र असते, शेकडा ४६. बाकीची दोन खाती कोरीच!

आता हिशेब पाहा. हिरवळीला एका वेळी दर चौरस मीटरला सुमारे ५ ग्रॅम नत्र पुरते. आमची हिरवळ अंदाजे २०० चौरस मीटर, म्हणजे लागणारे नत्र १ किलो. त्यासाठी युरिया हवा सुमारे २ किलो १७० ग्रॅम. मी टाकला दहा किलो, म्हणजे साडेचार पटींहून जास्त, आणि तोही पाण्याशिवाय. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. खत जास्त झाले की मुळांचेही तसेच होते. गवताला पाणी मिळायचे राहिले बाजूला, त्याच्या अंगातलेच ओढले जाते.

पण मोठी चूक पुढेच आहे. गवत पिवळे का पडले, हे मी विचारलेच नव्हते. नत्र कमी पडले तर जुनी, खालची पाने आधी पिवळी होतात, कारण वनस्पती त्यांतले नत्र काढून कोवळ्या पानांना पुरवते. लोह कमी पडले तर उलट कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. आमच्या हिरवळीची तक्रार यांपैकी कोणतीच नव्हती. तिला पाणी मिळत नव्हते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील स्प्रेंगेल यांनी एक नियम मांडला आणि लीबिख यांनी तो सर्वदूर पोहोचवला: जो घटक गरजेच्या मानाने सर्वांत कमी, तोच वाढ रोखून धरतो. आमच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यातली तूट भरून काढत नाही. मामांनी तूट एका प्रश्नात दाखवली होती.

वेळेचेही तसेच आहे. हरळी उबेत जोमाने वाढते, थंडीत मंदावते. म्हणून तिला खत द्यावे ते वाढीच्या दिवसांत, हप्त्याहप्त्याने. बेळगावच्या जुलैतल्या धो धो पावसात नत्र मुळांच्या खाली वाहून जाते. त्यापेक्षा पावसाच्या आरंभी थोडे आणि जोर ओसरल्यावर थोडे द्यावे. खत कोरड्या पानांवर टाकून लगेच भरपूर पाणी द्यावे. कापलेले बारीक गवत तिथेच पसरू द्यावे. त्यातले नत्र पुन्हा मातीत जमा होते.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाश असलेल्या खतांना घटकांनुसार अनुदान मिळू लागले, युरियाची विक्रीकिंमत मात्र सरकारच ठरवत राहिले. युरिया त्यामानाने स्वस्त पडला, की शेतकऱ्याचा हातही तिकडेच वळतो. स्वस्त मिळते ते गरजेचे असतेच असे नाही, हे तर आम्ही अर्थशास्त्राच्या तासालाच शिकतो.

त्या संमेलनात करपलेल्या जागी कुंड्या मांडून वेळ निभावली. नंतर टँकर आला. मामा आणि मी आठवडाभर पाणी सोडून जमिनीतला जादा युरिया धुऊन काढला. हरळीचे जमिनीखालचे धुमारे जिवंत होते. जूनच्या पावसात ते फुटले. आता खताची वेळ आली की मामा मला हाक मारतात. वजन मी करतो, पण आधी टाकीत डोकावून पाहतो.