किल्ली राहिली घरी

शनिवारची दुपार, कॉलेजची लॅब रिकामी. ओंकारने दप्तरातून काडेपेटीएवढी एसएसडी काढली, आत्याच्या टेबलावरच्या पीसीला लावली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली : नो बूटेबल डिव्हाइस.

ओंकार : बघ! घरी बाबांच्या लॅपटॉपवर हीच डिस्क मस्त चालते. लिनक्स, माझे प्रोजेक्ट, सगळं हिच्यावर. म्हटलं, खिशात टाकली की झालं. तर हॉस्टेलवर मित्राच्या मशीनवर हेच, आणि इथंही हेच. डिस्क गेली का गं?

आत्या : घरी चालते म्हणतोस, आणि डिस्क गेली का असंही विचारतोस? बंद करून पुन्हा चालू कर आणि एफ १२ दाबत राहा. काही मशीनवर एफ ९ असतं, काहींवर एस्केप. हां, आला मेन्यू. यात तुझ्या डिस्कचं नाव आहे?

ओंकार : आहे. निवडलं की पुन्हा तीच ओळ.

आत्या : म्हणजे केबल, पोर्ट, वीज इथवर सगळं ठीक. निम्मी दुखणी तिथंच निघतात. पुढच्या पॅनलचं सैल पोर्ट, स्वतःची वीज नसलेला हब, नुसतं चार्जिंग होणारी केबल. तुझं तसं नाही.

ओंकार : मग नव्याने इन्स्टॉल करून टाकतो. तासाभराचं काम.

आत्या : तुम्हा पोरांचं हे एकच औषध. पुन्हा इन्स्टॉल केलंस तरी पुन्हा हेच होईल, आणि प्रोजेक्ट जातील ते वेगळंच. ‘सुरू होत नाही’ एवढ्यावर काही कळत नाही रे. एसटी आली नाही, तर ती डेपोतून सुटलीच नाही की घाटात बंद पडली? शोधायला जायचं ठिकाण बदलतं. तुझी गाडी डेपोतच आहे.

ओंकार : डेपो म्हणजे?

आत्या : मदरबोर्डवरचं फर्मवेअर. वीज आली की आधी ते जागं होतं. ते बूटलोडर शोधतं, बूटलोडर कर्नल आणतो, कर्नल मुख्य पार्टिशन शोधतो. प्रत्येकाने पुढच्याला हाक मारायची. जुन्या बायॉसचा हिशोब सोपा होता : डिस्कचा पहिला सेक्टर वाच, ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे दोन सहीला. सही जुळली की मार उडी. आताचं यूईएफआय फाइली वाचतं. त्यासाठी डिस्कवर फॅट पद्धतीचं एक छोटं पार्टिशन लागतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन.

ओंकार : ते मी केलंय ना! व्हिडिओत सांगितलं तसं, ५१२ एमबीचं.

आत्या : छान. त्यात काय आहे ते पाहिलंस कधी?

(ओंकार गप्प. आत्याने ड्रॉवरमधला लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून पीसी त्यावरून सुरू केला आणि ओंकारच्या डिस्कचं पहिलं पार्टिशन उघडलं. खिडकी पांढरीशुभ्र. खाली लिहिलेलं, शून्य फाइली.)

ओंकार : रिकामं? मग घरी चालू कसं होतं?

आत्या : तेच विचारते. खरं सांग, ही डिस्क काढून ठेवलीस की दादाचा लॅपटॉप नीट सुरू होतो?

ओंकार : ...नाही. काळा पडदा येतो. त्यावर ‘ग्रब’ लिहिलेलं आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. बाबा म्हणाले, तूच काहीतरी करून ठेवलंयस. म्हणून घरी असतो तेव्हा डिस्क लावूनच ठेवतो. पण ती वेगळी भानगड आहे.

आत्या : वेगळी कसली! एकच भानगड दोन घरांत दिसतेय. इन्स्टॉल करताना ‘बूटलोडर कुठं टाकू’ असं विचारलं होतं?

ओंकार : हो, आणि मी हीच डिस्क निवडली होती. नक्की.

आत्या : मानलं. पण काही लिनक्सचे इन्स्टॉलर यूईएफआयच्या मशीनवर त्या उत्तराकडे काणाडोळा करतात. पहिलं जे ईएफआय पार्टिशन सापडेल त्यात माल टाकून मोकळे. जुनी तक्रार आहे ही. मला विचारशील तर प्रश्न विचारून उत्तर न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. तर तुझा बूटलोडर, म्हणजे तो ग्रब, जाऊन बसला दादाच्या लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर. पेटी तुझ्या खिशात, किल्ली दादाच्या घरात. पेटी लावली की ग्रबला त्याच्या बाकीच्या फाइली सापडतात आणि लिनक्स सुरू होतं. पेटी काढली की तो बिचारा कर्सर दाखवत बसतो.

ओंकार : पण विंडोजला सोडून लॅपटॉप ग्रबकडे जातोच कशाला?

आत्या : मदरबोर्डच्या मेमरीत एक वही असते समज. अमुक डिस्क, अमुक पार्टिशन, अमुक फाइल, अशा नोंदी आणि त्यांचा क्रम. इन्स्टॉलरने तिथं स्वतःची नोंद सगळ्यात वर घातली. ती वही दादाच्या लॅपटॉपची. माझ्या पीसीच्या वहीत तुझ्या डिस्कचं नावगाव कुठून असणार?

ओंकार : मग अनोळखी मशीनवर कुठलाच पेनड्राइव्ह चालायला नको. तुझा तर चालला.

आत्या : शाब्बास, हा प्रश्न पाहिजे होता. परगावी ओळखीचं कुणी नसलं तर आपण कुठं जातो? ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर. यूईएफआयचाही असा ठरलेला कट्टा आहे. ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर, त्यात ‘बूट’ नावाचा, आणि त्यात ‘बूटएक्स६४ डॉट ईएफआय’ ही फाइल. वहीत नोंद नसली की फर्मवेअर बाहेरच्या डिस्कवर तिथं बघतं. माझ्या पेनड्राइव्हवर ती फाइल आहे. तुझ्याकडे तो फोल्डरच नाही.

ओंकार : मग पेनड्राइव्हवरून कॉपी करून टाकू?

आत्या : नको, ती फाइल पेनड्राइव्हचाच मेन्यू शोधत जाईल. तुझ्या लिनक्सकडूनच करून घेऊ. तुझं मुख्य पार्टिशन इथं माउंट करायचं, रिकामं ईएफआय पार्टिशन त्याच्या ‘बूट’मधल्या ‘ईएफआय’ जागी जोडायचं, डेव्ह, प्रॉक आणि सिस ही तिन्ही आत जोडून द्यायची आणि सीएचरूटने आत शिरायचं. आता चालतोय पेनड्राइव्हचा कर्नल, पण घर तुझं. मग ग्रब-इन्स्टॉल, आणि त्याला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय विसरू नकोस. तो शब्द म्हणजेच कट्टा. नाहीतर हा गडी माझ्या पीसीच्या वहीत नोंद करून येईल आणि तू उद्या तिसऱ्या मशीनवर पुन्हा असाच बसशील.

(आज्ञा संपली. तळाशी ‘नो एरर रिपोर्टेड’. पांढऱ्या खिडकीत आता ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर होता.)

ओंकार : सिक्युअर बूट बंद करायला लागेल ना? व्हिडिओत पहिलं तेच सांगतात.

आत्या : ते अडवत असतं तर बहुतेक मशीन तसं स्पष्ट लिहितात, सही चालत नाही म्हणून. तुझ्या लिनक्सबरोबर शिम नावाची छोटी फाइल येते, तिच्यावर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने सही केलेली असते. बघ, आत्ता तीच कट्ट्यावर जाऊन बसलीय. उगीच बंद करू नकोस. कर आता रीस्टार्ट.

(मेन्यू आला. ओंकार खुर्चीतून अर्धा उठला. लिनक्सचा लोगो आला, गेला आणि एक ओळ रेंगाळली : ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’. पुढे सेकंद मोजणारं घड्याळ आणि मर्यादा, १ मिनिट ३० सेकंद.)

ओंकार : आता काय!

आत्या : आता घाट. डेपोतून तर सुटली. दीड मिनिट आहे हातात, विचार काय विचारायचं ते.

ओंकार : विंडोज असं खिशात नेता येतं?

आत्या : विंडोज ८ बरोबर ‘विंडोज टू गो’ म्हणून सोय आली होती, मोठ्या कंपन्यांसाठीच्या आवृत्तीत. २०२० मध्ये काढून टाकली. साधा विंडोज इन्स्टॉलर यूएसबी डिस्कवर बसायला सरळ नकार देतो. खटपटी करून बसवणारे आहेत, पण त्यात मी पडत नाही. हं, संपलं घड्याळ.

(पडदा : इमर्जन्सी मोड. वर आणखी एक ओळ, रूट खातं बंद असल्यामुळे आत सोडता येत नाही.)

आत्या : ठीक आहे, पुन्हा पेनड्राइव्हवरून. तुझ्या डिस्कवर ‘ईटीसी’मध्ये ‘एफएसटॅब’ ही फाइल उघड. सुरू होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी आहे ती. मघा उलगडलंच होतं मला, पण आधी दाखवलं असतं तर तू नुसती मान डोलावली असतीस.

ओंकार : दोन ओळी आहेत. पहिलीत यूयूआयडी लांबलचक. दुसरीत नुसती आठ अक्षरं, मध्ये आडवी रेघ.

आत्या : आखूड असतो तो फॅट पार्टिशनचा. आता ‘ब्लकआयडी’ चालवून तुझ्या ईएफआय पार्टिशनचा खरा यूयूआयडी बघ.

ओंकार : हा वेगळाच आहे. म्हणजे... ही दुसरी ओळ बाबांच्या लॅपटॉपची!

आत्या : हो. इन्स्टॉलरने तिथं बस्तान मांडलं तेव्हा पत्ताही तिथलाच लिहून ठेवला. तुझं लिनक्स दीड मिनिट दादाच्या डिस्कची वाट बघत होतं. ती सांगलीत, तू इथं. बदल ती आठ अक्षरं. आणि त्या ओळीतल्या पर्यायांत ‘नोफेल’ घाल, म्हणजे ते पार्टिशन नाही मिळालं तरी पुढे जाईल.

(या वेळी मेन्यू, लोगो आणि मग ओंकारचा डेस्कटॉप, वॉलपेपरवर त्याच्या मांजरीसकट.)

ओंकार : आत्या! बाबांच्या लॅपटॉपवरून तो ग्रब पुसून टाकू का आता?

आत्या : पुसायची घाई नको, पडून राहिला तर कुणाला चावत नाही. सेटअपमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ सगळ्यात वर आण. तुला लिनक्स हवं तेव्हा एफ १२ दाबून डिस्क निवड. आणि त्या सेटअपमध्ये शिरण्याआधी दादाला विचार, बिटलॉकर चालू आहे का. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी शोधून ठेवायला सांग. नाहीतर सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना त्याला निळा पडदा दिसेल आणि फोन मला येईल.

ओंकार : लगेच विचारतो. (डिस्कच्या केबलकडे हात नेतो.)

आत्या : अरे, आधी शटडाउन!